घरातलं एकमेव कोरडं नाक

समोरून भरधाव ट्रक आला तरी जिच्या कपाळावर आठी पडत नसे, ती ब्रेकताई तान्ह्या बाळांना मात्र टरकून असायची.

ब्रेकताई गाडी शिकवायची. तिची स्वतःची शाळा होती. शाळा म्हणजे एक निळी गाडी, टपावर 'एल'ची पाटी आणि आत ब्रेकताई. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, तिथे जादा बसवून घेतलेल्या ब्रेकवर पाय ठेवून ती दिवसभर गावभर हिंडायची. इतकी वर्षं तो पाय तिथे होता, की घरी कुणी नको असताना पानात वाढायला लागलं तर तोंडाने 'पुरे' म्हणायच्या आधी टेबलाखाली तिचा पाय दाबला जायचा. नाव पडलं ते असं. तोंडाचा पट्टा तर विचारूच नका. "खांदे सोडा! स्टीअरिंग आहे ते, पळून नाही जात! आरशात बघा! स्वतःला नाही हो, मागच्याला!" हे गल्लीच्या एका टोकाला सुरू झालं की दुसऱ्या टोकाचा पायी जाणारा माणूससुद्धा मागे वळून बघायचा.

पण बाळ म्हटलं की ताईचा आवाज बसायचा. "त्यांना मान नसते," ती कळवळून सांगायची. "ज्याला मान नाही त्याला धरायचं कुठे?" नात्यात कुणाकडे बाळ बघायला जायची वेळ आलीच, तर ती दारातून आत शिरल्या शिरल्या एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात पेला घ्यायची आणि निघेपर्यंत दोन्ही खाली ठेवायची नाही. हात रिकामा दिसला की लोक त्यात बाळ ठेवतात, हे तिने ओळखलं होतं.

घराच्या वरच्या मजल्यावर ती एकटी राहायची. एकटी म्हणजे आपल्या मर्जीने, आणि अगदी मजेत. खालच्या मजल्यावर आई, धाकटा भाऊ आणि भावजय. भावाचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे चढवायचे, डावी दांडी जरा वाकवायची, उजवी जरा सरळ करायची आणि "आता?" असं विचारायचं. माणूस नाकासमोर चालणारा, बहिणीच्या शब्दाबाहेर न जाणारा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी भावजयीला दिवस गेले, सगळं घर जमिनीच्या दोन बोटं वरून चालायला लागलं, आणि तेवढ्यात बाळाने घाई केली. दोन महिने आधीच मुलगी जन्माला आली. वजन ताईच्या बुटांच्या जोडीएवढं.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग होता. काचेच्या पेट्या, पेट्यांपाशी लुकलुकणारी यंत्रं आणि आत मूठ मूठभर माणसं. या मुलीने तिथे सुरुवातीला यंत्राच्या मदतीने श्वास घेतला, मग स्वतःचा स्वतः घ्यायला लागली, मग नळीऐवजी वाटी-चमच्याने दूध प्यायला लागली. भावजय रोज जाऊन तिला छातीशी घेऊन बसायची. ताईने भाचीला दाराच्या काचेतून पाहिलं, "लांबून फार गोड दिसते," म्हणाली आणि पुढच्या शिकवणीला पळाली. बाळांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडं वजन वाढलं की घरी न्या.

आणि मग विभागातल्या एका बाळाला सर्दी झाली.

"सर्दीच ना?" भाऊ म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या आईबापांना आणि घरच्यांना बाहेरच्या लांब व्हरांड्यात जमवलं होतं.

"तुम्हाला झाली तर सर्दी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही खिशात रुमाल टाकून कामाला जाल. यांच्या श्वासनळ्या बॉलपेनातल्या रिफिलपेक्षा बारीक आहेत. तोच विषाणू तिथे गेला की नळी सुजते, चिकट पाण्याने भरते, आणि दमलेलं बाळ श्वास घ्यायचंच विसरतं. त्याला मारणारं औषध माझ्याकडे नाही. ऑक्सिजन द्यायचा, नाक साफ करत राहायचं, नळीने दूध द्यायचं आणि बाळाने लढायचं. म्हणून तो आत येऊच द्यायचा नाही. आजपासून एका बाळामागे एकच माणूस. रोज तोच. आणि त्याचं नाक कोरडं पाहिजे."

विभागाच्या दाराशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. उंचीने बेताच्या, पण दारात उभ्या राहिल्या की दार दिसेनासं व्हायचं. त्यांनी ताईच्या घरच्यांकडे मोर्चा वळवला.

आदल्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. भाऊ त्याच्या नाकावर चष्मा बसवत असताना ते समोरासमोर, अगदी सढळ हाताने शिंकलं होतं. त्याचं फळ आता दिसलं. सिस्टरांनी "बाबा का?" असं विचारताच भाऊ "हो" म्हणायला गेला आणि त्या 'हो'च्या जागी शिंकच आली. सिस्टरांनी नुसतं बोट दाखवलं. भाऊ व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला.

आई पुढे झाली. "मला काहीसुद्धा झालेलं नाही," ती म्हणाली आणि ओठ गच्च मिटून उभी राहिली. सिस्टर नुसत्या बघत राहिल्या. आईचा चेहरा गुलाबी झाला, मग लाल झाला, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि दाबून ठेवलेला खोकला असा काही बाहेर पडला की भिंतीवरचं घड्याळ हललं. आई मुकाट्याने मुलाशेजारी जाऊन उभी राहिली.

राहिली भावजय.

"बला सर्दी दाही," ती म्हणाली. "फक्त दाक जरा बद आहे."

सिस्टरांचा चेहरा पहिल्यांदाच मऊ झाला. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुझं दूध येऊ दे. त्याच्यासारखं दुसरं काही नाही तिला. स्वच्छ बाटलीत काढून पाठव. पण तू नाही येऊ शकत. बरी झालीस की मी स्वतः फोन करीन."

भावजयीचे डोळे भरून आले. तिने मागे वळून बघितलं. सगळ्यांत मागे, जिन्याच्या तोंडाशी, निघायच्या तयारीत असलेली ब्रेकताई उभी होती.

"ताई," भावजय म्हणाली, "तुब्ही जा दा."

ताईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आसपास ना बशी होती, ना पेला. दोन्ही हात रिकामे, आणि सगळं घर त्या हातांकडे बघतंय.

"मी?" तिचा आवाज चिमणीएवढा झाला. "मला तर पुढच्या चौकात एक शिकवणी..."

"नाक?" सिस्टरांनी विचारलं.

"कोरडं," ताईच्या तोंडून निघून गेलं. खोटं बोलायला तिला कधी जमलंच नव्हतं.

मग काय! घड्याळ काढलं, अंगठी काढली, नखं तपासून झाली, कोपरापर्यंत हात असे घासून घेतले की सिस्टरांनी "अजून, अजून, बोटांच्या मधे!" म्हणता म्हणता नळाचं पाणीसुद्धा दमलं. तोंडाला मास्क, अंगात पुढून उघडणारा झगा. आरामखुर्चीत ताईला बसवलं, आणि तिला काही कळायच्या आत, डोक्यावर टोपी आणि बुडाला लंगोट एवढाच काय तो पोशाख केलेली भाची तिच्या छातीवर उपडी ठेवली. वरून पांघरूण.

ताई लाकूड झाली. तिने खुर्चीचे दोन्ही हात असे काही पकडले की बोटांची पेरं पांढरी पडली. नजर समोरच्या भिंतीवर.

"खांदे सोडा," सिस्टर म्हणाल्या.

"सोडलेत."

"नाही सोडलेले. समोर काय बघताय, तिच्याकडे बघा. आणि श्वास घ्या."

"घेतेय की."

"मी बघतेय ना. नाही घेत आहात."

ताईला एकदम आठवलं की आपला आत्ताचा हा चेहरा ओळखीचा आहे. पहिल्या दिवशी चढावर गाडी बंद पडलेल्या बायका असाच चेहरा करून बसतात आणि आपण त्यांच्यावर ओरडतो. तिला मास्कच्या आत हसू आलं. पोट हललं, पोटाबरोबर बाळही हललं, आणि ते पिटुकलं बाळ हलताच त्याने आपली पाच बोटं उघडून ताईच्या गळ्याखाली ठेवली. पाची मिळून ताईच्या अंगठ्याएवढी नव्हती. नंतर ते गाढ झोपलं. ताईच्या पंधरा शिकवण्या बुडाल्या असत्या तरी तिला आता तिथून उठवता आलं नसतं.

त्या संध्याकाळी निळ्या गाडीत शिकणाऱ्यांची भीतीने गाळण उडाली. ताई ओरडतच नव्हती! गिअर खडखडला तरी "वा!" वळणावर चाक फुटपाथला घासलं तरी "होतं असं!" एका बाईंनी तर घाबरून मधेच गाडी थांबवली. "ताई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मला?" ताई म्हणाली. "अहो, तिला भुवया आहेत! पेन्सिलीने काढल्यासारख्या!"

दुसऱ्या दिवसापासून ब्रेकताईचं नाक ही घराची सगळ्यांत मोलाची वस्तू झाली. उजाडलं की खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर फोन.

"नाक?"

"कोरडं."

"घसा?"

"ठणठणीत."

"आवाज जरा वेगळा येतोय."

"आई, मी दात घासतेय!"

खालच्या मंडळींना वर पाय ठेवायची बंदी. भावजय दूध काढून बाटली जिन्याच्या वळणावर ठेवायची, भाऊ बेल वाजवायचा आणि चोरासारखा धूम पळायचा. मग ताई खाली येऊन बाटली उचलायची, पुसायची, बर्फाच्या डब्यात घालायची आणि निघायची. जिन्याखालून तिघांची तीन डोकी बाहेर येऊन बघत असायची. नाकाची मालकीण नाक वर करून चाललेली!

गाडीत तर तिने कहर केला. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, शिकणाऱ्याच्या तोंडाला मास्क, आणि बसण्यापूर्वी "शपथ घ्या की तुमच्या घरात कुणी शिंकत नाही." तिच्याकडे एक निवृत्त न्यायाधीश शिकायला यायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना शपथा घ्यायला लावलेल्या त्या माणसाने निमूट शपथ घेतली. आणि भर रस्त्यात, एका बाजूला गाडी घेत असताना, त्यांना शिंक आली. एक नाही, लागोपाठ दोन.

ताईने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि ती फुटपाथवर उडी मारून मोकळी झाली.

"अहो, मी गाडी कशी लावू?" न्यायाधीश आतून ओरडले.

"लावा! मी सांगते इथून! हँडब्रेक सोडा! रिव्हर्स! हळू! डावीकडे तोडा! अहो तुमचं डावं!"

फुटपाथवरून ओरडत, हातवारे करत ताई चालली. दुकानदार बाहेर आले, दोघं-तिघं सायकलवाले थांबले, एक फुलवाली "अजून थोडं, अजून थोडं" करायला लागली. सगळ्या रस्त्याने मिळून न्यायाधीशांची गाडी लावली. न्यायाधीश उतरले तेव्हा त्यांना घाम फुटला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. शेजारचा पाय नसताना त्यांनी स्वतः ब्रेक दाबायची ती पहिलीच वेळ.

एवढं जपलं, तरी विषाणू त्याच्या वाटेने आलाच. एके सकाळी ताई विभागात गेली तर सिस्टर दारात हसल्या नाहीत. भाचीने दूध सोडलं होतं. नाकपुड्या फुलत होत्या, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. नाकातून काडीने घेतलेला नमुना तपासून आला होता. तोच विषाणू.

"माझ्यामुळे?" ताईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचीही तपासणी करायला लावली. ज्या नाकाला घरादाराने तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्यात ती लांबलचक काडी अशी शिरली की ताईच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुपारी डॉक्टरीणबाई सांगायला आल्या.

"तुमचं नाक निर्दोष आहे," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी हातावरून आलंय. आमच्याच कुणाच्या असेल. एखाद्याला नुसता घसा खवखवला असेल, त्याला कळलंही नसेल. कुणाच्या, हे शोधत बसलात तर तिच्याकडे बघायचं राहून जाईल. बसणार ना तिच्याजवळ?"

"बसणार म्हणजे काय!" ताई म्हणाली.

आजारी बाळांना एका वेगळ्या खोलीत हलवलं होतं. चार पेट्या. त्यांच्यासाठी वेगळ्या सिस्टर, त्या दुसऱ्या कुठल्याही बाळाला हात लावणार नाहीत. भाचीच्या नाकाशी बारीक नळ्या, त्यांतून ओलसर ऑक्सिजनचा झोत. पोटात जाणारी नळी, तिच्यातून आईचं दूध थेंब थेंब. मधूनमधून सिस्टर नाक साफ करायच्या, तेव्हा ती रागाने लालबुंद व्हायची, आणि ताईला तो राग बघून बरं वाटायचं. राग येतोय म्हणजे अंगात दम आहे.

त्यातला एक दिवस फार वाईट गेला. यंत्र एकदम कर्कश ओरडायला लागलं. ताईने बघितलं, भाचीची छाती हलत नव्हती. ओठांभोवती निळसर. सिस्टर पुढे झाल्या, त्यांनी तळपायाला टिचकी मारली. काही नाही. पाठ चोळली. पुन्हा टिचकी. "अगं, विसरलीस का? घे की श्वास!" आणि मग एक हुंदका, एक श्वास, दुसरा. यंत्र गप्प झालं. सगळा प्रकार एखादा सिग्नल हिरवा व्हायला लागतो त्याहूनही कमी वेळात आटोपला. ताईचा उजवा पाय मात्र जमिनीत रुतल्यासारखा दाबलेला होता आणि तो सुटायलाच तयार नव्हता.

त्या दिवशी फोनवर भावजयीने विचारलं तेव्हा ताईने लपवलं नाही. "आज विसरली होती. आठवण करून दिली. घेतेय आता." मग भावजय म्हणाली, "तिच्याशी बोलत राहा, ताई. आवाज ऐकू जाऊ दे." तिचं चोंदलेलं नाक आता मोकळं झालं होतं. 'न' आणि 'म' जागच्या जागी होते.

मग ताई बोलत राहिली. जो आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचा तो तिने मुठीत मावेल एवढा केला. "घे. सोड. घे. छान. घाई नाही आपल्याला. सोड."

"माझ्यालापण सांगा ना जरा," शेजारच्या पेटीजवळून कुणीतरी हळूच म्हणालं.

तो एक उंच, रुंद खांद्यांचा गृहस्थ होता. झगा त्याला गुडघ्यांपर्यंतही पोचत नव्हता. बहिणीच्या मुलाजवळ बसायला आला होता. त्यांच्याकडेही सगळं घर शिंकत होतं आणि कोरडं नाक निघालं ते मामाचं. कामाला इमारतींच्या बांधकामावर, क्रेन चालवायला.

"क्रेन?" ताईचे डोळे मास्कच्या वर चमकले. "किती उंच?"

"वीस मजले तर सहज. वर बसलं की छान वाटतं. खाली गाड्यांची गर्दी मुंग्यांसारखी दिसते."

"मग गाडी कुठली चालवता?"

मामा अगदी हळूच म्हणाला, "सायकल."

"क्रेन चालवता आणि गाडी येत नाही?"

"भीती वाटते," क्रेनमामा म्हणाला. "रस्त्यावर लोक असतात हो. मधेच येतात."

ताईला इतकं हसू आलं की तिला खोलीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. खांदे गदगदत होते. आत आलेल्या सिस्टरांना वाटलं, बाई रडतायत. त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, आणि ताईला खरं काय ते सांगताच येईना.

तेव्हापासून ती दोघं दोन पेट्यांजवळ बसून कुजबुजत बोलायची. विषय काय, तर ब्रेक, चढ, वारा सुटला की क्रेन कशी धरायची, पावसात काच धुरकटली तर काय करायचं. ताईच्या "घे, सोड"वर आता दोन बाळं श्वास घेत होती. मामाच्या भाच्याचा ऑक्सिजन आधी कमी झाला. मग एक दिवस ताईच्या भाचीचा झोत निम्म्यावर आला, बरगड्या ओढायच्या थांबल्या, आणि चमच्यातलं दूध तिने असं ओरपलं की सिस्टर "अगं, ठसका लागेल!" म्हणाल्या.

आणि मग ती शिंकली.

एवढीशी शिंक! उंदराने काडेपेटी ओढावी तेवढा आवाज. पण जोर असा की नाकाशी लावलेली नळीच उडून गालावर गेली. सिस्टर नळी परत लावायला धावल्या, यंत्राकडे बघितलं आणि थबकल्या. नळीशिवायही आकडा जागचा हलला नव्हता. त्यांनी डॉक्टरीणबाईंना हाक मारली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, आकडा बघितला, पुन्हा छाती तपासली.

"राहू द्या नळी बाजूला," त्या म्हणाल्या. "बाईंना नकोय ती."

ताईने क्रेनमामाकडे बघितलं, मामाने ताईकडे. उड्या मारायला त्या खोलीत बंदी होती. म्हणून दोघांनी दोन्ही हात वर केले आणि आवाज न करता जागच्या जागी नाच केला. एवढा मोठा माणूस, गुडघ्यांच्या वरच संपलेला झगा, आणि चवड्यांवर! डॉक्टरीणबाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

ताईने व्हरांड्यात येऊन घरी फोन लावला. "शिंकली!" ती ओरडली.

"कोण? तुम्ही?" भावजय पलीकडून ओरडली.

"नाही गं! ती! शिंकली आणि ऑक्सिजन उडवला!"

पलीकडून जी किंकाळी आली ती व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू गेली.

नंतर विभागात नवीन कुणी आजारी पडलं नाही. खालच्या मजल्यावरची नाकंही सुकली. मोठ्या सिस्टरांनी शब्द दिला होता तसा स्वतः फोन केला, आणि भावजय आली. हात घासून, झगा चढवून ती खुर्चीत बसली. बाळ छातीवर ठेवताच तिने एवढंच म्हटलं, "आले गं मी." आणि ते बाळ इतके दिवस काही न घडल्यासारखं, नेहमीची खोली नेहमीच्या माणसाने उघडावी तसं, तिच्या कुशीत शिरलं. काचेबाहेर ताई नाक काचेला लावून उभी होती. एका बाळामागे एकच माणूस. तिला आनंद झाला होता, खूप झाला होता, आणि छातीवर जिथे ती पाच बोटं असायची तिथे गार लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. कालपर्यंत ज्या नाकाची रोज चौकशी व्हायची, त्याला आता कुणी विचारीना. ताईने आपणहून खाली फोन केला. "माझं नाक कोरडं आहे हं."

"बरं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

ताई तरीही हॉस्पिटलात गेली. खालच्या चहाच्या टपरीजवळ बाकावर क्रेनमामा बसला होता. त्याचंही आतलं काम संपलं होतं, बहीण बरी होऊन आत गेली होती. दोघांनी चहा मागवला आणि चहा प्यायला मास्क खाली केले. आणि दोघंही एकमेकांकडे बघतच राहिले. इतके दिवस शेजारी बसले होते, पण डोळ्यांच्या खाली काय आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मामाला झुबकेदार मिशी होती.

"मिशी?" ताई म्हणाली. "हे कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही विचारलं कुठे? ब्रेकच्या पुढे गेलातच नाही."

घरी न्यायचा दिवस आला तेव्हा भावाने हट्ट धरला की गाडी मीच चालवणार. भाऊ ताईचाच विद्यार्थी, आणि तिच्या आयुष्यातला सगळ्यांत हळू चालवणारा. मागच्या सीटवर आई, भावजय आणि कपड्यांच्या घड्यांमध्ये हरवलेली मुलगी. मागून ताईची निळी गाडी, शेजारी क्रेनमामा, कारण त्याला "उगीच, बघायला" यायचं होतं. भाऊ असा चालवत होता की शेजारून एक आजोबा काठी टेकत पुढे निघून गेले. पुलाच्या चढावर त्याने गिअर चुकवला आणि गाडी बंद पडली. मागे ही रांग! हॉर्नवर हॉर्न.

ताई खाली उतरली. पण भावावर ओरडायला नाही. ती रांगेकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

"हळू! आत बाळ झोपलंय!"

पहिल्या बसच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "केवढंसं आहे?"

"एवढंसं! आजच ऑक्सिजनवाल्यांच्या तावडीतून सुटून आलंय!"

ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला, मागे वळून मागच्याला खूण केली, मागच्याने त्याच्या मागच्याला. सबंध पूल गप्प झाला. त्या शांततेत भावाची गाडी चालू झाली, आचके देत चढ चढली, आणि ताई रस्त्याच्या मधोमध उभी राहून, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता, टाळ्या वाजवत हसत सुटली.

पुढे वर्ष-दीड वर्ष मुलीला सर्दी झाली की छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगून ठेवलं होतं. शिट्टी वाजली की घर हवालदिल व्हायचं, वाफारा द्यायचा, डॉक्टरीणबाईंकडे धावायचं, मग हळूहळू ती थांबली. आता मुलगी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढते आणि वरच्या मजल्यावर आत्याकडेच पडलेली असते.

क्रेनमामाने ताईच्या शाळेत नाव घातलं. त्याच्याइतका सावकाश शिकणारा विद्यार्थी ताईने पाहिला नव्हता. न्यायाधीश पास झाले, घाबरणाऱ्या बाई पास झाल्या, मामाचं आपलं चालूच. गल्लीतले लोक बोलायला लागले. ताईने त्यांना बोलू दिलं. शेवटी एकदाची त्याने परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाला. परीक्षकाने पाठ थोपटली. दोघं निळ्या गाडीत येऊन बसले. दोघांपैकी कुणालाच फारसा आनंद झालेला दिसेना.

"झालं तर मग," ताई समोर बघत म्हणाली. "उद्यापासून काय यायची गरज नाही."

मामाने मिशीवरून हात फिरवला. बराच विचार केला.

"रिव्हर्स अजून कच्चं आहे," तो म्हणाला.

"फारच कच्चं आहे," ताई म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली.